एका घागरीत तीन पेंड्या

‘अगं, नळाला पाणी येतं चार दिवसांनी आणि तू पाण्यात भाजी लावतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?’

हा प्रश्न मला नणंदेनं विचारला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला, आणि मंडईत ज्यांच्याकडून मी कित्येक वर्षं पालेभाजी घेते त्या मावशींनी तर पदर तोंडाला लावून हसत हसत विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या बाईनं सोलापुरात संसार केला तिला पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून आपल्याकडे येतं. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, असं पाणी आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. पिंप भरलं, घागरी भरल्या, कळश्या भरल्या, तरी मन भरत नाही म्हणून कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवणाऱ्या आपण बायका! जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मनात आलं तर पडणार.

तरीही मी पाण्यातच भाजी लावते. पाणी कमी लागतं म्हणूनच लावते, असं सांगितलं की समोरची बाई माझ्याकडे जरा संशयानं बघते. म्हणून आज हा हिशेब नीटच मांडते.

खिडकीतल्या कुंडीला आपण रोज तांब्याभर पाणी घालतो. त्यातलं थोडं रोप पितं. बरंचसं मातीवरून उन्हानं उडून जातं. उरलेलं ताटलीतून ओघळून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर पडतं, आणि मग दोन दिवस जिन्यात बोलणं बंद! माती काढून टाकली आणि रोपाची मुळं झाकलेल्या डब्यात, खत विरघळवलेल्या पाण्यात सोडली, तर पाणी जातं ते फक्त रोपाच्या पोटात. पानांतून वाफ होऊन उडतं तेवढंच, बाकी गळती नाही. लेट्यूसच्या एका रोपाला लावल्यापासून काढेपर्यंत साधारण चार लिटर पाणी पुरतं. घागर बारा लिटरची धरा. एका घागरीत तीन रोपं, म्हणजे आपल्या भाषेत तीन पेंड्या. आणि मुख्य म्हणजे हे पाणी एकदाच भरायचं. मग नळ चार दिवसांनी येवो नाहीतर सहा, रोपाला त्याचं काही देणंघेणं नाही.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अ‍ॅरिझोना म्हणजे आपल्यासारखाच कोरडा, तापणारा मुलूख. शेतातल्या एक किलो लेट्यूसला साधारण २५० लिटर पाणी लागतं, आणि बंदिस्त हरितगृहात मातीशिवाय वाढवलं तर २० लिटर, असा त्यांचा हिशेब निघाला. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडाही आहे, तो विकणारे लोक सांगत नाहीत. विजेसकट सगळी ऊर्जा धरली तर मातीशिवायच्या पद्धतीला शेतीच्या ८० पटींहून जास्त ऊर्जा लागली. तापवणं, थंड करणं, दिवे, पंप... सगळा खर्च त्यात आला. म्हणजे पाणी वाचवायला जाऊन विजेचं बिल वाढवायचं, असं होऊ शकतं. म्हणून मी सांगते ती पद्धत बिनपंपाची, बिनविजेची आहे.

याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. नाव परदेशी आहे, पण काम ओळखीचं आहे. नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर थोडी काळी माती, त्यात धान्य, मध्ये पाझरणारा मातीचा घट. नऊ दिवसांत वीतभर रान उगवतं. तिथं माती नावालाच असते. पहिले आठ-दहा दिवस कोंबाला लागणारं अन्न दाण्यातच साठवलेलं असतं, त्याला हवा असतो फक्त ओलावा. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात आपल्या भागात कितीतरी घरांनी ट्रेमध्ये मका भिजवून जनावरांसाठी चारा उगवला, तोही याच तत्त्वावर. मका रात्रभर भिजवायचा, पोत्यात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायचं. ७ ते १० दिवसांत हिरवी चटई तयार!

आता घटाचं रान पिवळसर का असतं, सांगा बरं? देवघरात उजेड नसतो म्हणून. रोप उजेडाच्या शोधात लांब लांब होतं, पण हिरवं होत नाही. घरात भाजी लावणाऱ्या प्रत्येकीनं पहिल्यांदा ही गोष्ट लक्षात ठेवायची.

दाण्यातलं अन्न संपल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप या दोन शास्त्रज्ञांनी शोधलं. मातीतून रोप नेमके कोणते क्षार घेतं हे त्यांनी ताडलं, ते पाण्यात विरघळवले आणि त्या पाण्यावर रोपं वाढवून दाखवली. पुढे कॅलिफोर्नियात गेरिक नावाच्या प्राध्यापकांनी १९२९ पासून हा प्रयोगशाळेतला खेळ शेतीत आणायचा ध्यास घेतला आणि शिडी लावून तोडावे लागतील एवढ्या उंच वेलांवर टोमॅटो पिकवले. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केलं. आपल्या देशातही ही गोष्ट आजची नाही. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगमध्ये शोल्टो डग्लस या ब्रिटिश संशोधकानं पंप नाही, महागडी यंत्रं नाहीत, अशी साधी पद्धत बसवायला घेतली. वाळू-खडी भरलेले वाफे आणि त्यात खताचं मोजून पाणी. १९५१ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं आणि पद्धतीचं नावच पडलं ‘बंगाल पद्धत’. एवढं सगळं होऊनही आपल्याकडे मात्र बाटलीतला मनी प्लँट सोडून काही पोचलं नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी वापरते ती पद्धत हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी मांडलेली आहे. तिच्यातली गंमत अशी, की पाणी कमी होत जाणं हीच तिची युक्ती आहे. मुळांना पाणी हवं तशी हवाही हवी. डबा सुरुवातीला भरलेला असतो. रोप पाणी पीत जातं, पातळी खाली जाते आणि वरची मुळं मोकळ्या हवेत येतात. ती हवा घेतात, खालची मुळं पाणी घेतात. म्हणून डबा अर्धा झाला की ‘अगंबाई, पाणी संपत आलं’ म्हणून पुन्हा काठोकाठ भरायचा नाही! हवेला सवयीची झालेली मुळं बुडाली की गुदमरतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. अगदीच तळ दिसू लागला तर थोडं घाला, पण अर्ध्याच्या खालीच ठेवा.

सामान म्हणाल तर घरातलंच. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, गरम पाणी आणि सोड्यानं तेलकटपणा जाईपर्यंत धुतलेला. वरच्या बाजूला दह्याचा छोटा डबा अडकून बसेल एवढं गोल भोक. दह्याच्या डब्याला तळाशी आणि बाजूंना तापवलेल्या दाभणानं भोकं पाडायची. त्यात कोकोपीट किंवा स्वच्छ स्पंजचा तुकडा. कॅन पारदर्शक असेल तर उजेडानं आत शेवाळ धरतं, म्हणून त्याला बाहेरून गुंडाळायचं. मी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा शिवून झबलं घातलंय. पाहुणे आधी झबल्याचंच कौतुक करतात, भाजीचं नंतर.

लेट्यूसचं बी खसखशीपेक्षा थोडं लांबट असतं. ओल्या टिश्यू पेपरवर पसरून डब्यात ठेवा, पण अंधारात कोंडू नका आणि वर माती-कोकोपीटचा थर टाकू नका. याच्या बऱ्याच जातींना उगवायलाही उजेड लागतो. आणि त्याला गारवा हवा. तापमान ३० अंशांच्या पुढे गेलं की बी चक्क झोपून राहतं. ‘बियाणं खोटं निघालं’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्याअधिक जणींनी ते मार्चमध्ये टाकलेलं असतं! चार पानं आली, म्हणजे पंधरा-अठरा दिवसांनी, की रोप दह्याच्या डब्यात बसवायचं आणि कॅन असा भरायचा की डब्याचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल.

आता खत. इथं आपला जिल्हा आपल्या मदतीला येतो बघा. द्राक्ष आणि डाळिंबामुळे आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात. ठिबकमधून सोडतात तीच. बरेच जण १९:१९:१९ घ्या म्हणून सांगतात. ते स्वस्त आहे, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं रोपाला चालेल असं रूपांतर करतात. आपल्या डब्यात माती नाही आणि ते जिवाणूही पुरेसे नाहीत. त्यात कॅल्शियमही नसतं. म्हणून मी दोन बाटल्या करते. पहिल्या बाटलीत एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दुसरीत एक लिटर पाण्यात १३:००:४५ हे खत ३० ग्रॅम, ००:५२:३४ हे २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची पूड ५ ग्रॅम. डब्यात पाणी भरलं की दर लिटरला पहिल्या बाटलीतलं १० मिली टाकून ढवळायचं आणि मग दुसऱ्या बाटलीतलं १० मिली. खोकल्याच्या औषधाचं झाकण मापाला उत्तम, फक्त ते पुन्हा औषधाला वापरायचं नाही. दोन्ही बाटल्यांतली दाट द्रावणं एकमेकांत ओतली तर पांढरा साका बसतो आणि खत वाया जातं, म्हणून हे दोन बाटल्यांचं सोवळं. बाटल्यांवर ठळक अक्षरांत ‘खत, पिऊ नये’ लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. ही खतं किलोच्या पाकिटात मिळतात आणि एका घराला ती पुरून उरतात, तेव्हा चौघी-पाच जणींनी मिळून आणली तर परवडतं.

पाणी कोणतं? नळाचं चालतं. एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीनचा वास जातो. बोअरचं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही तसलं. त्यात आधीच क्षार असल्यानं खत नीट लागू पडत नाही. अशा वेळी निम्मं फिल्टरचं पाणी मिसळा. फिल्टरच्या टाकाऊ नळीतून येणारं मात्र वापरू नका. फिल्टरनं काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. पाण्याचा आम्लपणा मोजायच्या पट्ट्या मासे विकणाऱ्यांच्या दुकानात मिळतात. आकडा साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. आकडा जास्त असेल तर लिंबाच्या रसानं उतरतो, पण दोन दिवसांत पुन्हा चढतो. मी आठवड्यातून एकदा पट्टी बुडवून बघते, बस्स. त्याच्या मागे फार लागायचं नाही.

‘यात गोमूत्र, जीवामृत घालू का?’ असं हमखास विचारलं जातं. कुंडीत खुशाल घाला. साचलेल्या पाण्यात मात्र ते कुजतं, आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नाही! आणि ही भाजी सेंद्रिय म्हणून कुणाला सांगू नका. खत रासायनिकच आहे. भाजी काढायच्या आधी तीन-चार दिवस कॅनमध्ये साधं पाणी ठेवलं तर पानांत साठलेलं नायट्रेट कमी होतं. एवढं मी न चुकता करते.

मैत्रिणींनो, आता जरा कान देऊन ऐका. साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि आपलं पाणी तर महिनाभर तसंच राहणार. कॅनच्या भोकात दह्याचा डबा घट्ट बसला पाहिजे. फट राहिली तर कापसाचा पिळा किंवा चिकटपट्टी. कॅनचं मूळ तोंड झाकणानं बंद. आठवड्यातून एकदा डबा उचलून बॅटरीच्या उजेडात आत बघायचं. अळ्या वळवळताना दिसल्या तर जीव न अडकवता पाणी कुंडीच्या मातीत ओतून कॅन घासून घ्यायचा. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि हे बघणं जमणार नसेल, तर सरळ कुंडीतच भाजी लावा. त्यात काही कमीपणा नाही.

जागा कुठली? पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. पाच-सहा तास चांगला उजेड मिळाला की झालं. ज्यांच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, त्यांनी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर लावावी. रोज बारा तास लावली तर महिन्याला सात-सव्वासात युनिट. चार-सहा कॅन एका ट्यूबखाली बसत असतील तर ठीक, एका रोपासाठी ट्यूब जाळणं मला पटत नाही.

आणि हंगाम! दिवाळीचे फराळाचे डबे धुऊन ठेवले की बी टाका. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेपर्यंत, संक्रांतीच्या सुमाराला, बाहेरची पानं तोडायला येतात. आतला कोंब ठेवून पानं तोडत राहिलात तर फेब्रुवारीपर्यंत पुरतं. मग ऊन चढायला लागलं की लेट्यूस उंच होतं, दांडा येतो आणि पानं कडू होतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४३-४४ वर असताना, खिडकीतल्या कॅनमधलं पाणी कोमट होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन सडतात. उन्हाळ्यात कॅन धुऊन माळ्यावर टाका. रोपांना सुट्टी, आपल्यालाही सुट्टी.

हे सगळं सांगताना लेट्यूस लेट्यूस म्हणतेय खरी, पण खरं सांगू? लेट्यूस म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. लोहाचा, कॅल्शियमचा विचार केला तर मेथी, राजगिरा आणि शेवग्याचा पाला यांच्यापुढे ते काहीच नाही. ते कुरकुरीत लागतं, मुलं आवडीनं खातात आणि ही पद्धत शिकायला सगळ्यात सोपं आहे, म्हणून लावायचं. माझा जीव खरा रमतो तो वासाच्या पानांत.

पुदिन्याचं बी आणायलाही नको. मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पेलाभर पाण्यात ठेवा. आठवड्यात पांढरी मुळं सुटतात. मग ती काडी कॅनवर बसवा. पानओवा तसाच, फांदी मोडून पाण्यात ठेवली की झालं. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्यानं हलके रगडून दोन दळं करायची, रात्रभर भिजवायची आणि एका डब्यात वीस-पंचवीस दाणे टाकायचे. उगवायला आठवडा-दहा दिवस घेते, तेवढा दम धरा. शेपू आणि पालकही छान येतात.

आता गंमत ऐका. मुलं पिझ्झावरचं ‘बेसिल, बेसिल’ करतात ना, ते काय आहे माहितीय? आपला सब्जा! फालुद्यात घालतो ते सब्जाचं बी त्याच रोपाचं. दुकानातल्या शोभिवंत पाकिटातलं बी महाग पडतं. किराणा दुकानातला सब्जा चिमूटभर ओल्या कोकोपीटवर टाकला तर हिरवीगार, वासाची पानं येतात. तुळशीच्याच कुळातलं हे रोप, आणि लेट्यूसपेक्षा उन्हाला पुष्कळ सोसणारं. तसाच मरवा. गजऱ्यात ओवतो तो मरवा आणि परदेशी स्वयंपाकातलं मार्जोरम एकच, पिझ्झावरच्या ओरेगानोचा सख्खा भाऊ. फुलवालीकडून ताज्या मरव्याची कोवळी काडी मिळाली तर लावून बघा. चारातली एखादी धरते. धरली की मात्र वेणी घालतानासुद्धा हात तिकडे जातो.

हे वाचून कुणाच्या मनात ‘मग धंदाच का करू नये’ असं आलं असेल, तर थांबा. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या, बचत गटातल्या एक ताई माझ्याकडे आल्या. नाश्त्याचा गाडा चालवतात. हातात एक रंगीत पत्रक होतं. त्यांच्या गच्चीवर पाइपांचा सांगाडा उभा करून द्यायचा, लेट्यूस पिकवायचं, मोठ्या हॉटेलांना विकायचं आणि दोन वर्षांत पैसे वसूल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यासाठी त्या पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. आईच्या पाटल्या. मी म्हटलं, पाटल्या राहू द्या हातात, आधी त्या माणसाला फोन लावा आणि मी सांगते ते विचारा. महिन्याला किती किलो माल निघेल? तो सोलापुरात कोण घेणार, त्याचं नाव काय? पुण्याला पाठवायचा तर अडीचशे किलोमीटर तो गार ठेवून कोण नेणार? वीज गेली आणि पंप बंद पडला तर रोपं किती वेळ तग धरतील? आणि मे महिन्यात काय?

पाइपांच्या पद्धतीत पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहता असतो. पंप थांबला की उन्हाळ्यात तास-दोन तासांत मुळं कोरडी पडू लागतात. त्या माणसानं हॉटेलांची नावं सांगितली, पण एकाही ठिकाणाहून ‘आम्ही माल घेऊ’ असा कागद त्याच्याकडे नव्हता. मे महिन्याचा प्रश्न आला तेव्हा ‘मॅडम, ते टेक्निकल आहे’ म्हणाला. ज्या धंद्याचा मे महिना टेक्निकल आहे तो धंदा सोलापुरात कसा करायचा, तुम्हीच सांगा! मोठ्या शहरांजवळ, थंड हवेच्या जागी, हरितगृह उभारून हे काम नीट करणारे लोक आहेत, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण त्यांच्याकडे बाजार आधी होता, सांगाडा नंतर आला.

पाटल्या अजून त्या ताईंच्या हातात आहेत. तेलाचे कॅन मात्र त्यांनी गाड्यावरच्याच रिकाम्या कॅनांतून जमवले, बारा झाले. हिवाळाभर त्यांच्या चटणीतला पुदिना आणि थोडी कोथिंबीर खिडकीतून येते. सगळी पुरते का? छे, निम्म्याहून जास्त मंडईतूनच आणावी लागते. पण जानेवारीच्या एका पहाटे बाजारात कोथिंबीर महागली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘आज मी पेंडी घेतली नाही!’ त्या आवाजात जो तोरा होता ना, तो ऐकण्यासारखा होता. त्या एका वहीत रोज दोन ओळी लिहितात, कुठल्या तारखेला काय लावलं, कधी पिवळं पडलं, किती मिली खत घातलं. आमच्या गटातल्या बाकीच्या जणी आता पुस्तक नाही, ती वही मागून नेतात.

उरलेलं खताचं पाणी फेकू नका. कॅन रिकामा करताना तळाशी लिटर-दीड लिटर राहतं, ते तेवढंच साधं पाणी मिसळून कुंड्यांना घाला. मुळांचा गुंता, कोकोपीट, सगळं कुंडीत मुरतं. पुन्हा लावण्याआधी कॅन आणि दह्याचे डबे उन्हात वाळवून घ्या.

आता एवढा लेट्यूसचा पाला आल्यावर त्याचं करायचं काय? परदेशी सॅलड घरात कुणी दुसऱ्यांदा मागत नाही, हा माझा अनुभव. पण कच्चा पाला खाणं आपल्याला नवीन आहे का? कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला भाकरीबरोबर खातच आलोय आपण. मी त्याची मेथीसारखी पचडी करते. लेट्यूसची पानं हातानं तोडायची, सुरीनं कापली की कडा लवकर काळ्या पडतात. त्यात मूठभर कोवळी मेथी, बारीक चिरलेला कांदा, थोडा टोमॅटो आणि पुदिन्याची चार पानं. वरून दोन चमचे शेंगाचटणी, लिंबू आणि हिंग-मोहरीची तेलकट फोडणी, पण गार झालेली. गरम घातली तर पानं लगेच मान टाकतात. कडक भाकरीबरोबर ही पचडी अशी काही लागते, की माझ्या नणंदेनं दोनदा मागून घेतली आणि जाताना दोन रिकामे तेलाचे कॅनही मागितले. मीठ मात्र ताट वाढताना घाला, आधी घातलं तर पाला पाणी सोडतो.